फ्रेम कशाची, हवा किती? पुण्याच्या रस्त्यांसाठी सायकलखरेदीचा हिशेब

सायकल घ्यायला निघालेल्या पुणेकराच्या कानावर तीन वाक्ये हमखास पडतात. स्टीलची फ्रेम मऊ चालते, अलॉयची कडक चालते आणि कार्बन रस्त्याचे हादरे पिऊन टाकतो. दुकानात ३० हजारांची अलॉय हायब्रिड आणि दीड लाखाची कार्बन रोडबाइक शेजारी शेजारी उभी असली, की या वाक्यांची किंमत १ लाख २० हजार रुपये होते. एवढी रक्कम मोजण्याआधी त्यांत खरे किती, हे तपासायलाच हवे.

माझे मत सुरुवातीलाच मांडतो. पुण्याच्या रस्त्यावर मनगटांना, माकडहाडाला आणि पाठीला जे जाणवते, त्यात सर्वांत मोठा वाटा टायरच्या रुंदीचा आणि त्यातल्या हवेचा. त्यानंतर सीट, सीटपोस्ट, हँडल आणि तुमची बैठक. फ्रेम कशाची, हा प्रश्न त्याच्याही नंतरचा. फ्रेमच्या धातूवर ठरतात त्या गोष्टी वेगळ्या: वजन, टिकाऊपणा, दुरुस्तीची सोय आणि अर्थातच किंमत. त्यांच्यासाठी जरूर पैसे मोजावेत. आरामासाठी म्हणून मोजू नयेत.

इथे दिलेल्या किमती पुण्याच्या बाजारातल्या अंदाजे आहेत. ब्रँड, हंगाम आणि सवलत यांप्रमाणे त्या खाली-वर होतात. बिल हातात आले की मात्र एक गोष्ट वाचा. २२ सप्टेंबर २०२५पासून सायकलवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. कराआधी २८ हजारांच्या सायकलवर हा फरक १,९६० रुपयांचा होतो. जुन्या छापील किमतीतून दोन हजार कमी करून त्याला डिस्काउंट म्हटले जात असेल, तर तो डिस्काउंट सरकारने आधीच दिलेला आहे.

ताठपणा म्हणजे नेमके काय

सायकलची फ्रेम म्हणजे सीटखालच्या नळीला जोडलेले दोन त्रिकोण, पुढचा मोठा आणि मागचा लहान. चाक खड्ड्यात आपटले की धक्का खालून वर येतो आणि त्या दिशेने त्रिकोण जवळजवळ दबतच नाही. नळ्या वाकत नाहीत, लांबीच्या दिशेने दाब सोसतात. त्यामुळे वर-खाली पाहिले तर स्टील, अलॉय, कार्बन, कुठलीही नेहमीची फ्रेम मिलिमीटरच्या अंशानेच दबते. त्याच धक्क्याला टायर कित्येक मिलिमीटर दबतो, सीटपोस्ट मागे झुकतो, पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याचे (फोर्कचे) पाय किंचित पुढे-मागे होतात, सीटची गादी खाली बसते. हे सगळे एकत्र धरले की फ्रेमचा वाटा शोधूनही सापडत नाही.

आडव्या दिशेची गोष्ट वेगळी. बोपदेव घाटात सीटवरून उठून तुम्ही पायडल दाबता, तेव्हा पायाचा जोर फ्रेमच्या मध्यरेषेवर नसतो, बाजूला असतो. त्याने बीबीचा, म्हणजे पायडलच्या मधल्या एक्सलचा भाग डावी-उजवीकडे सरकतो आणि फ्रेम थोडी पिळली जाते. सायकलवाले एखादी फ्रेम ‘ताठ’ आहे म्हणतात ते या दिशेबद्दल, आणि इथे फ्रेमा-फ्रेमांत जाणवण्याजोगा फरक असतो. ताठ फ्रेम पायडलला लगेच दाद देते आणि उतारावरच्या वळणात हँडलचे ऐकते. सैल फ्रेमच्या कॅरिअरवर दहा किलो लादले की मागचा भाग डुलायला लागतो. लवणाऱ्या फ्रेममध्ये पायांची सगळी ताकद वाया जाते, हा समज मात्र चुकीचा आहे. धातू लवतो तसा परतही येतो आणि त्यातला बराच जोर परत मिळतो. रोज ऑफिसला जाणाऱ्याने या फरकासाठी रात्रीची झोप घालवू नये.

आता धातूकडे येऊ. पोलाद अॅल्युमिनियमच्या, म्हणजे दुकानातल्या ‘अलॉय’च्या, जवळजवळ तिप्पट ताठ आणि जवळजवळ तिप्पट जड असते. टायटॅनियम या दोहोंच्या मध्ये कुठेतरी. म्हणजे वजनाच्या मानाने पाहिले तर तिन्ही धातू सारखेच ताठ. दुकानात सहसा न सांगितली जाणारी आणखी एक गोष्ट म्हणजे सात हजारांच्या सायकलचे साधे पोलाद आणि लाखाच्या फ्रेमचे नामांकित पोलाद यांचा ताठपणाही जवळजवळ एकच असतो. महाग पोलाद जास्त मजबूत असते, म्हणून नळ्यांची भिंत पातळ ठेवता येते आणि फ्रेम हलकी होते. चालीत फरक पडला तर तो त्या पातळ भिंतीमुळे.

खरा खेळ नळीच्या आकाराचा आहे. पातळ भिंतीच्या नळीचा व्यास दुप्पट केला आणि भिंत तेवढीच ठेवली, तर ती वाकवायला आठपट जोर लागतो. भिंत निम्मी करून वजन पूर्वीइतकेच राखले तरी चौपट. अॅल्युमिनियमची ‘कडक’ म्हणून ख्याती झाली ती यातूनच. फ्रान्सच्या विटस कंपनीने १९८०च्या आगेमागे अॅल्युमिनियमच्या फ्रेम स्टीलइतक्याच बारीक नळ्यांच्या केल्या. त्या इतक्या लवायच्या, की दणकट सायकलपटू कुरकुरत. तरी आयर्लंडचा शॉन केली त्यांवर बसून मोठमोठ्या शर्यती जिंकला. अमेरिकेत गॅरी क्लाइनने आणि पुढे कॅननडेल कंपनीने त्याच धातूच्या जाडजूड नळ्या वापरल्या आणि फ्रेम कमालीच्या ताठ झाल्या. धातू एकच, चाल अगदी उलट. त्या काळी शर्यतीचे टायर २०–२३ मिलिमीटरचे असत आणि त्यांत शंभर पीएसआयच्या वर हवा. बसणाऱ्याच्या मनगटांना जे ठोके बसले, त्यांचे खापर फ्रेमच्या धातूवर फुटले, आणि ते वाक्य आजही दुकानातून दुकानात फिरते आहे.

कुठल्या फ्रेमला किती पैसे

काळी, दांडीची, २२ इंची जेंट्स सायकल आजही साधारण साडेपाच ते आठ हजारांत मिळते. वजन वीस किलोच्या आसपास. तिची चाल मऊ असते हे खरे, पण त्याचे श्रेय जाड टायरला, स्प्रिंगच्या सीटला, पुढे झुकलेल्या लांब चिमट्याला आणि ताठ बसण्याच्या ढबीला द्यावे लागेल. सात ते बारा हजारांच्या एमटीबी म्हणून विकल्या जाणाऱ्या सायकलींतही फ्रेम बहुतेकदा साध्या, हाय-टेन स्टीलचीच असते, आणि वजन १६ ते १८ किलो.

क्रोमोली, म्हणजे क्रोम आणि मॉलिब्डेनम मिसळलेले मजबूत पोलाद, हा स्टीलचा वरचा वर्ग. अशी पूर्ण सायकल पुण्यात दुकानात उभी क्वचित दिसते, मागवावी लागते, आणि खर्च साधारण ६० हजारांपासून दीड लाखापर्यंत जातो. लांब पल्ल्याची भटकंती, सामान लादून कोकणात उतरणे, वर्षानुवर्षे एकच सायकल वापरणे, यांसाठी तिच्याइतकी भरवशाची फ्रेम दुसरी नाही, असे माझे ठाम मत आहे. मोडली तर जोडता येते, वाकली तर बऱ्याचदा सरळ करता येते, आणि मर्यादेत ताण पडत राहिला तर पोलाद थकत नाही.

या फ्रेमांचा आपल्या घरांशी जुना संबंध आहे. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्सने १८९७मध्ये टोकांना जाड आणि मध्ये पातळ अशा नळ्यांचे पेटंट घेतले आणि १९३५मध्ये ‘५३१’ नावाचे प्रसिद्ध पोलाद आणले. रेनॉल्ड्स ज्या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स समूहात होती, त्याच समूहाबरोबर मुरुगप्पा घराण्याने १९४९मध्ये मद्रासला टीआय सायकल्स सुरू केली. पुण्यातल्या वाड्यांच्या बोळात वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या कित्येक हर्क्युलिस आणि बीएसए तिथल्याच. मुंबई–पुणे शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. हा मान कित्येक दशके स्टीलच्या फ्रेमवर बसूनच मिळवला गेला. जुन्या फ्रेमच्या नळ्या कशा सांध्यात बसवून पितळेने जोडत, हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर कर्वेनगरातल्या विक्रम पेंडसे सायकल संग्रहालयात एकदा जाऊन यावे. फ्रेम या विषयाकडे पाहण्याची नजरच बदलते.

ज्यांना हाताने काम करायला आवडते, त्यांच्यासाठी जुनी स्टीलची फ्रेम नवी करणे हा फार समाधानाचा मार्ग आहे. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात दीड ते तीन हजारांत जुनी सायकल मिळून जाते. भोसरी-चिंचवडच्या बाजूला पावडर कोटिंगचे दीड ते तीन हजार, टायर-ट्यूबचे दीड हजार, बीबी, हेडसेट, ब्रेक आणि केबल यांचे दोन-तीन हजार, मजुरी हजार-दीड हजार. सगळे मिळून आठ ते बारा हजारांत वीस वर्षे चालणारी सायकल उभी राहते. विकणाऱ्याकडून नाव-पत्ता लिहिलेली पावती मात्र घ्या. ती द्यायला तो कचरत असेल तर पुढे चला.

बहुतेक पुणेकरांनी घ्यावी ती अलॉयची. चांगली हायब्रिड १८ ते ३५ हजारांत येते, वजन १२ ते १४ किलो. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक आणि बरे गिअर हवे असतील तर ३५ ते ६० हजार. अलॉयची रोडबाइक साधारण ४५ हजारांपासून सव्वा लाखापर्यंत, आणि तिला कार्बनचा चिमटा असेल तर या किमतीत त्याहून चांगला सौदा नाही. पुढचे चाक जे धक्के देते ते चिमट्यातूनच हातांपर्यंत येतात, आणि वजनातही तीन-चारशे ग्रॅम वाचतात.

अलॉयमध्ये फसगतीच्या दोन जागा आहेत. पहिली स्टिकरची. फ्रेमवर मोठ्या अक्षरांत ‘अलॉय’ लिहिलेले असते आणि प्रत्यक्षात अलॉयची असते ती फक्त रिम. खिशात फ्रीजवरचे साधे चुंबक ठेवा. फ्रेमला चिकटले तर पोलाद, नाही चिकटले तर अॅल्युमिनियम. दांडीला, खालच्या नळीला आणि चिमट्यालाही लावून पाहा. अलॉयच्या फ्रेमला स्टीलचा चिमटा ही सर्रास जोडी आहे. त्यात गैर काही नाही, फक्त ते आपल्याला माहीत असायला हवे.

दुसरी जागा शॉकअपची. दहा ते वीस हजारांच्या सायकलींवर पुढे जो शॉकअप बसवतात, त्याच्या आत बहुधा एक साधी स्प्रिंग असते. त्याचे वजन अडीच किलोच्या आसपास. लहान लहान हादरे त्याला कळत नाहीत, चढावर उभे राहून पायडल मारले की तो नुसता वर-खाली होतो, आणि दोन पावसाळ्यांत गंजून अडकतो. मागेही स्प्रिंग असलेली ‘डबल शॉकअप’ सायकल मुलांना फार आवडते. तिच्यावर शाळेत जाणाऱ्या मुलाच्या पायांतली ताकद ती स्प्रिंग खाते. त्याच किमतीत साध्या चिमट्याची, जाड टायरची सायकल घेऊन द्या. मुलगा चार दिवस रुसेल, पण सायकल चालवत राहील.

कार्बनच्या सायकली साधारण सव्वा-दीड लाखापासून सुरू होतात आणि दहा लाखांच्याही पुढे जातात. कार्बन फायबरचे तंतू ज्या दिशेने मांडावेत त्या दिशेने ताठ असतात. कुठे किती थर, कुठल्या कोनात, हे रचनाकार ठरवतो. म्हणून बीबीजवळ ताठ आणि सीटजवळ जरा सैल अशी फ्रेम यात खरोखर करता येते, आणि म्हणूनच ‘कार्बनची चाल अशी असते’ असे सरसकट काहीच म्हणता येत नाही. दोन कंपन्यांच्या दोन कार्बन फ्रेमांत स्टील आणि अॅल्युमिनियममध्ये नसेल एवढा फरक असू शकतो.

वजनाचा फायदा निर्विवाद आहे, फक्त तो किती ते मोजून पाहा. ७० किलोचा माणूस आणि १२ किलोची सायकल, एकूण ८२ किलो. सायकल दोन किलोंनी हलकी झाली तर एकूण वजन सुमारे अडीच टक्क्यांनी घटते. सिंहगडाचा घाट जो एका तासात चढतो, त्याचा वेळ दीड मिनिटाच्या आतबाहेर कमी होईल. शर्यतीत दीड मिनिट म्हणजे सर्वस्व. व्यावसायिक शर्यतीच्या सायकलचे वजन ६.८ किलोंपेक्षा कमी नसावे, असा नियम आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने २०००पासून लावला आहे तो उगीच नाही. रविवारी गडावर जाऊन पिठलं-भाकरी खाऊन परतणाऱ्याने मात्र या दीड मिनिटाची किंमत स्वतःशी ठरवावी.

टायटॅनियमबद्दल थोडक्यात. गंजत नाही, टिकते, सुंदर दिसते, आणि बाहेरून मागवताना सीमाशुल्कासह खर्च अडीच-तीन लाखांच्या पुढे जातो. ज्याला परवडते त्याने घ्यावी. चालीत जादू शोधू नये.

बांबूची फ्रेम हा पुण्याचा स्वतःचा प्रयोग म्हणता येईल. हवाई दलातून निवृत्त झालेल्या एका पुणेकर वैमानिकाने ‘बांबूची’ या नावाने हाताने बांबूच्या सायकली बनवायला घेतल्या. अशा फ्रेममध्ये वाळवून पक्का केलेला बांबू नळ्यांच्या जागी असतो आणि सांधे इपॉक्सीत भिजवलेल्या तंतूंनी गुंडाळून घट्ट केलेले असतात. कल्पना नवी नाही. १८९४ साली लंडनमध्ये बांबूच्या सायकली विकायला होत्या. बांबू बारीक कंप धातूपेक्षा लवकर जिरवतो, आणि हा गुण खरा आहे. प्रत्येक फ्रेम हाताने, मागणीप्रमाणे होते, त्यामुळे किंमत आणि वाट पाहण्याचा काळ बनवणाऱ्याशी बोलूनच ठरवावा. सांध्यांची हमी किती वर्षांची आणि पावसाळ्यासाठी बांबूला कुठला लेप, हे दोन प्रश्न विसरू नका.

सर्वांत स्वस्त आराम

आता ज्या गोष्टीवर मी सर्वांत आधी पैसे खर्च करायला सांगेन, ती गोष्ट. पुण्याच्या सिमेंट रस्त्यांवर ठरावीक अंतराने सांधे येतात. पेठांत रस्त्याच्या पातळीखाली गेलेली चेंबरची झाकणे, पेव्हिंग ब्लॉक, मेट्रोच्या कामानंतर बुजवलेले पट्टे, दर शंभर पावलांवर गतिरोधक. या सगळ्याला पहिले तोंड देतो तो टायर.

टायरमध्ये हवा ‘टाइट’ भरायची, ही आपली जुनी सवय. गल्लीतला पंक्चरवाला अंगठ्याने दाबून पाहतो आणि अंगठा अजिबात रुतला नाही की समाधानाने मान हलवतो. टायर वजनाखाली आपल्या उंचीच्या साधारण १५ टक्के दबावा, असा ठोकताळा अमेरिकन अभ्यासक फ्रँक बर्टो यांनी रूढ केला. २८ मिलिमीटरच्या टायरला हे चार मिलिमीटरच्या थोडे वर होते. तो आकडा हवेत उतरवला तर ७० किलोच्या माणसासाठी सुरुवात अशी करावी: २५ मिलिमीटरच्या टायरला ८० ते ८५ पीएसआय, २८ला ७०च्या आसपास, ३२ला ५५ ते ६०, ३५ ते ३८ला ४५ ते ५०. पुढच्या चाकात चार-पाच पीएसआय कमी. वजन दहा किलोंनी जास्त असेल तर हवाही दहा-बारा टक्क्यांनी वाढवा. खड्ड्यात रिम लागल्याचा टणक आवाज आला तर हवा कमी आहे. सिमेंटच्या सांध्यावर हात बधिर होत असतील तर जास्त आहे.

हवा कमी केली तर सायकल जड चालते, ही भीती गुळगुळीत ट्रॅकवर काही अंशी खरी. खडबडीत रस्त्यावर कडक टायर प्रत्येक खडीवर उडतो आणि ती उडी तुमच्याच पायांच्या ताकदीतून येते. व्यावसायिक सायकलपटूंनी हे केव्हाच मान्य केले. जानेवारी २०२६मध्ये पुणे ग्रँड टूरच्या निमित्ताने आंतरराष्ट्रीय शर्यत आपल्या जिल्ह्यातल्या घाटांत आली. त्या दर्जाच्या शर्यतींत आता २८ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद टायर नेहमीचे झाले आहेत. दोन दशकांपूर्वी तिथे २३ मिलिमीटरचे राज्य होते.

खर्च पाहा. गेज असलेला उभा पंप हजार ते अडीच हजार. ७०० मापाचा देशी टायर ४०० ते ७००, चांगला आयात टायर दीड ते पाच हजार. देशी ट्यूब दीडशे ते तीनशे. म्हणजे पाच-सहा हजारांत दोन चांगले टायर, ट्यूब आणि पंप होतो, आणि चालीत पडणारा फरक तुम्हाला घराच्या फाटकाबाहेर पहिल्या गतिरोधकावरच कळतो. लाख रुपये जास्त देऊन घेतलेली फ्रेम एवढा फरक पाडत नाही. जुन्या पद्धतीच्या, आत रबरी नळी असलेल्या व्हॉल्व्हवर गेज बरोबर आकडा दाखवत नाही. ट्यूब बदलताना मोटारसारख्या श्रेडर व्हॉल्व्हची किंवा बारीक प्रेस्टाची घ्या.

म्हणूनच नवी फ्रेम निवडताना माझा पहिला प्रश्न असतो: यात जास्तीत जास्त किती रुंद टायर मावतो? चिमट्यात आणि मागच्या नळ्यांमध्ये टायरच्या दोन्ही बाजूंना निदान चार मिलिमीटर मोकळी जागा हवी, मडगार्ड लावायचे तर आणखी. रिम ब्रेकच्या बहुतेक रोडबाइक २५–२८च्या पुढे जात नाहीत. डिस्क ब्रेकच्या फ्रेममध्ये ३२ किंवा ३५ आरामात बसतो. हा आकडा फ्रेमवर एकदा ठरला की बदलता येत नाही. धातूपेक्षा तुमच्या पुढच्या दहा वर्षांच्या आरामावर याचाच जास्त परिणाम होणार आहे. दुसरा प्रश्न कॅरिअर आणि मडगार्डच्या भोकांचा. पावसाळ्यात हिंजवडीला जाणाऱ्याला ती नसतील तर पाठीवर चिखलाचा पट्टा आणि खांद्यांवर लॅपटॉप ठरलेला.

टायरनंतर बैठक. सीट स्वतःच्या हाडांच्या रुंदीप्रमाणे घ्यावी, ६०० ते ३,००० रुपये. जाड जेल पहिल्या दहा मिनिटांत छान वाटते आणि तासाभराने टोचते. २७.२ मिलिमीटरचा बारीक सीटपोस्ट ३१.६च्या जाड पोस्टपेक्षा जास्त झुकतो, आणि तो कार्बनचा असला तर फरक चांगलाच जाणवतो; खर्च तीन ते आठ हजार. हातमोजे आणि जाड ग्रिप हजाराच्या आत. ब्रेव्हे करणाऱ्यांना, म्हणजे २०० किलोमीटर साडेतेरा तासांत किंवा ६०० किलोमीटर ४० तासांत पुरे करणाऱ्यांना, शरीराचे माप घेऊन सायकल बसवून घेणे फार उपयोगी पडते. त्याला तीन ते आठ हजार लागतात. गुडघा दुखतो म्हणून फ्रेम बदलण्याआधी हे करून पाहा. सीट दोन सेंटिमीटर वर घेतल्याने कित्येकांचे दुखणे थांबते, आणि त्याला फक्त पाना लागतो.

दुकानात चाचणी

दोन सायकलींची तुलना करायची तर आधी दोन्हींचे टायर सारख्या रुंदीचे आहेत का ते टायरच्या कडेवर वाचा आणि हवा गेजने सारखी करून घ्या. नाहीतर तुम्ही फ्रेमची नव्हे, हवेची तुलना करत असता. सीटची उंची तुमच्या पायाला लावून घ्या. मग गुळगुळीत रस्ता सोडून एखादा पेव्हिंग ब्लॉकचा तुकडा, एक गतिरोधक आणि थोडा चढ शोधा. चढावर उभे राहून जोर लावा आणि चेन पुढच्या डिरेलरला घासते का ते ऐका. उतारावर क्षणभर हँडल सैल धरून सायकल थरथरते का पाहा. दहा मिनिटांची चाचणी द्यायला तयार नसलेल्या दुकानात तीस हजार रुपये ठेवू नका. सायकल तोलायला घरचा सामान तोलायचा लटकता काटा बरोबर घेऊन गेलात तर आणखी उत्तम.

पावसाळा, तडे आणि दुरुस्ती

फ्रेमच्या धातूचा खरा हिशेब सायकल घेतल्यानंतर सुरू होतो. स्टील आतून गंजते. पावसात भिजलेली सायकल उलटी केली की सीटच्या नळीतून पाणी येते; बीबीखालचे लहान भोक मोकळे ठेवा आणि दर पावसाळ्याआधी नळ्यांच्या आत तेलाचा फवारा मारून घ्या. अॅल्युमिनियमचा सीटपोस्ट स्टीलच्या फ्रेममध्ये ग्रीस न लावता ठेवला तर काही वर्षांत असा जखडतो की कापूनच काढावा लागतो. स्टीलची तुटलेली नळी ब्रेझिंगने काहीशे रुपयांत जोडून मिळते.

अॅल्युमिनियमची गोष्ट उलट आहे. त्याला पोलादासारखी थकव्याची सुरक्षित मर्यादा नाही. लहान ताणही वर्षानुवर्षे साचत जातो. चांगल्या कंपन्या म्हणूनच नळ्या भक्कम ठेवतात आणि फ्रेम वर्षानुवर्षे टिकते. तरी दर सहा महिन्यांनी सायकल धुऊन हेडट्यूबच्या खालच्या बाजूचा सांधा, सीटच्या नळीचे वरचे टोक, बीबीजवळच्या मागच्या नळ्या आणि मागच्या चाकाची बेचकी उजेडात पाहा. रंगात केसासारखी रेघ दिसली आणि ती नखाला लागली, तर चालवणे थांबवा. अलॉयवर वेल्डिंग करून देतो म्हणणारे भेटतील. पण वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूचा धातू मऊ पडतो आणि त्यावर कारखान्यातली उष्णताप्रक्रिया पुन्हा करावी लागते. तशी सोय नसेल तर ती फ्रेम संपली असे समजावे. मागच्या डिरेलरचा हँगर मात्र तीनशे ते हजार रुपयांत बदलता येतो. तुमच्या फ्रेमचा हँगर कुठल्या मापाचा आहे ते आधीच लिहून एक जास्तीचा घेऊन ठेवा, कारण ऐन वेळी तो मिळत नाही.

कार्बन गंजत नाही, थकतही फारसा नाही, पण आपटला तर आत काय झाले ते वरून दिसत नाही. नाण्याने टकटक करत जा. एखाद्या ठिकाणी आवाज एकदम बोदा झाला तर तज्ज्ञाला दाखवा. दुरुस्ती होते, पण ती गल्लीतल्या दुकानाची नाही आणि खर्च पाच आकडी होतो. सीटपोस्ट आणि स्टेमचे स्क्रू जोर मोजणाऱ्या पान्यानेच, बहुधा पाच न्यूटनमीटरच्या आसपास, लिहिलेल्या मर्यादेत आवळावेत. साध्या पान्याने हौसेने दिलेला एक जास्तीचा पिळा फ्रेमला तडा देतो आणि वॉरंटी अशा वेळी मिळत नाही. जुनी कार्बन सायकल पडल्याचा इतिहास माहीत असल्याशिवाय कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

सायकल कुठलीही घ्या, बीबीच्या खाली कोरलेला फ्रेम नंबर बिलावर लिहून घ्या आणि त्याचा फोटो काढून ठेवा. चोरीची तक्रार असो वा फ्रेमची हमी, दोन्हीकडे पहिल्यांदा तोच विचारतात. हमी फ्रेमवर किती वर्षांची, चिमट्यावर किती, आणि ती पहिल्या मालकापुरतीच आहे का, हेही पैसे देण्याआधी लेखी घ्या.